मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण

मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण : घडणीनुसार केलेले द्रव्याचे तीन वर्ग. एकाच प्रकारच्या अणूंचे बनलेले ते मूलद्रव्य. निरनिराळ्या मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणात रासायनिक बंधाने जोडले गेले की संयुग होते. असा बंध न जुळता पदार्थ नुसते एकत्र आले, तर ते मिश्रण. पहिल्या दोघांना शुद्ध पदार्थ म्हणतात, पण हे ‘शुद्ध’ व्यवहारातले नव्हे. भेसळ नसलेले दूधही रसायनशास्त्राच्या लेखी पाणी, मेद, प्रथिने, शर्करा व क्षार यांचे मिश्रणच असते. परिभाषेतला आणखी एक खड्डा : मराठीतला रेणू, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या अणूंचा गट, हा हिंदीतला अणु, आणि मराठीतल्या अणूला हिंदीत परमाणु म्हणतात. दोन्ही भाषांतली पुस्तके वाचणाऱ्यांची येथे हमखास गफलत होते.

रोजच्या वापरातल्या बहुतेक वस्तू मिश्रणेच असतात. माती, रक्त, शाई, पेट्रोल ही उदाहरणे लगेच पटतात. पोलाद आणि पितळ पटायला वेळ लागतो, कारण ती एकजीव दिसतात. सर्वत्र सारखी घडण असलेल्या अशा मिश्रणाला समांगी म्हणतात. २२ कॅरट सोन्यात सुमारे ९१.७ टक्के सोने असते, उरलेले तांबे, चांदी यांसारखे धातू. पेन्सिलीतले ‘शिसे’ तर शिसे नव्हेच. ते ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण आहे. शुद्ध पदार्थ हाती लागतात ते मोजकेच : विजेच्या तारेतले तांबे हे जवळजवळ निव्वळ मूलद्रव्य, तर पांढरी साखर हे बऱ्यापैकी शुद्ध संयुग.

संयुग आणि मिश्रण यांतला फरक लोखंडाचा कीस व गंधकाची पूड यांवर उत्तम दिसतो. दोन्ही हव्या त्या प्रमाणात कालवता येतात, आणि चुंबक फिरवला की कीस वेगळा होतो. या मिश्रणावर विरल आम्ल टाकल्यास लोखंडापासून गंधहीन हायड्रोजन निघतो. तेच मिश्रण तापवले की आयर्न सल्फाइड तयार होते आणि आता आम्ल टाकल्यास कुजक्या अंड्यांच्या वासाचा वायू येतो. शिवाय वजनाने साधारण ७ भाग लोखंडाला ४ भाग गंधक लागते. कोणतेही जास्त घेतले तर ते तसेच मागे उरते. पाण्यातही हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे वजनी प्रमाण सुमारे १ : ८ असते, मग ते पाणी समुद्रातून मिळवलेले असो वा पावसाचे. हा स्थिर प्रमाणाचा नियम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडला.

एक गैरसमज पाठ्यपुस्तके वाचूनही टिकून राहतो : रेणू दिसला की संयुग समजणे. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या तीन. पण सगळे ऑक्सिजनचेच, म्हणून दोन्ही मूलद्रव्यच. हिरा आणि ग्रॅफाइट हीही एकाच कार्बनची रूपे.

मूलद्रव्यांची यादी मात्र हाताशी असलेल्या साधनांप्रमाणे बदलत गेली. जुन्या विचारातील पृथ्वी, आप, तेज, वायू यांपैकी एकही आज तिच्यात नाही : माती व हवा मिश्रणे ठरली, पाणी संयुग, आणि अग्नी हा पदार्थच नव्हे. १७८९ मध्ये आंत्वान लव्हाझिए यांनी ३३ मूलद्रव्ये नोंदवली. त्यांत प्रकाश आणि उष्णता होती, तसाच चुनाही होता. ज्याचे विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य, ही त्यांची कसोटी होती आणि चुना तेव्हा कोणालाच फोडता येत नव्हता. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने चुन्यापासून कॅल्शियम वेगळे केले आणि तो यादीतून गेला. हेन्री मोझ्ली यांच्या १९१३ मधील क्ष-किरणांच्या प्रयोगांनंतर मूलद्रव्य ओळखण्यासाठी अणुक्रमांकाला, म्हणजेच अणूच्या केंद्रकातील प्रोटॉनांच्या संख्येला, महत्त्व आले. आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत.

हवेतील घटक मोजणेही सोपे नव्हते. हवेतून मिळवलेल्या नायट्रोजनची घनता अमोनियापासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जास्त भरते, हे लॉर्ड रॅले यांच्या ध्यानात आले. एवढा फरक एखाद्याने प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिला असता. त्याचा पाठपुरावा करताना १८९४ मध्ये रॅले आणि विल्यम रॅम्झी यांना अरगॉन सापडला. कोरड्या हवेचा तो जवळपास एक टक्का भाग आहे.

उत्कलनबिंदू स्थिर असला की पदार्थ शुद्ध, ही कसोटीही सरसकट चालत नाही. वजनाने सुमारे ९५.६ टक्के एथिल अल्कोहोल आणि बाकी पाणी असलेले मिश्रण साधारण ७८.२ अंश सेल्सिअसला उकळते आणि उकळताना त्याचे प्रमाण बदलत नाही. साध्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून वाफ पुन्हा थंड करून, त्याचे घटक वेगळे होतच नाहीत. दाब बदलला की मात्र हे प्रमाणही बदलते, आणि तेथे त्याचे मिश्रणपण उघड होते.

उलट बाजूने, काही संयुगे स्थिर प्रमाणाचा नियम काटेकोर पाळत नाहीत. संयुगातील प्रमाण बदलू शकते असे म्हणणारे क्लोद बेर्तोले प्रूस्त यांच्याशी झालेल्या वादात हरले, तरी अशा घन पदार्थांना पुढे त्यांच्याच नावावरून बेर्तोलाइड म्हटले गेले. फेरस ऑक्साइडच्या सूत्रात लोखंड व ऑक्सिजन एकास एक लिहितात. प्रत्यक्ष स्फटिकात ऑक्सिजनच्या दर शंभर अणूंमागे लोखंडाचे साधारण ९५ किंवा त्याहूनही कमी अणू असतात.