जुनी स्पोर्ट्‌स कार घेताना: आधी लिफ्ट, मग सौदा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"गाडी फायनल केलीय, टोकनही दिलंय, फक्त एकदा बघून घ्या," असं सांगत बरेच ग्राहक आमच्याकडे जुनी गाडी तपासून घ्यायला येतात. टोकन हातातून गेल्यावर केलेली तपासणी फार तर मनाच्या समाधानासाठी असते. तिच्या जोरावर भाव पाडायचा तर मालक म्हणतो, "साहेब, तेव्हाच बोलायचं ना!" म्हणून हे पत्रक गाडी बघायला निघण्याआधी वाचा.

उदाहरणासाठी आम्ही पोर्शे बॉक्स्टर आणि केमन या गाड्या घेतल्या आहेत. पुण्या-मुंबईत जुन्या बाजारात त्या येत असतात आणि पंधरा वर्षांची बॉक्स्टर एखाद्या बऱ्या एसयूव्हीच्या पैशात मिळते, त्यामुळे मोह पडतो. पण लक्षात घ्या, जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, पार्टची नाही. ब्रेक डिस्क, क्लच, रेडिएटर सगळं पोर्शेच्याच भावाने येतं. म्हणून आमच्याकडे गाडीची किंमत म्हणजे मालक सांगतो ती रक्कम अधिक पहिल्या वर्षात तिच्यावर होणारा खर्च. सौदा या बेरजेवर करायचा असतो.

घरबसल्या बघायचे कागद

आरसी, चालू विमा पॉलिसी आणि सर्व्हिस रेकॉर्ड यांचे फोटो आधी व्हॉट्सॲपवर मागवा. जो मालक फोटो पाठवायला कां-कू करतो, त्याच्याकडे पेट्रोल जाळत जाऊ नका.

पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) बघा. तो 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा वर्षावर्षाने चढतो. "गाडीला ओरखडासुद्धा नाही" म्हणणाऱ्याच्या पॉलिसीवर बोनस शून्य किंवा 20 दिसला, तर गेल्या एक-दोन वर्षांत क्लेम झाला होता का, हे सरळ विचारा. क्लेम होणं वाईट नाही, लपवणं वाईट. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा पुढच्या हप्त्याचा हिशोब बोनस न धरता करा. त्याच पॉलिसीवरची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) दाखवून "विमा कंपनीच एवढी किंमत धरते" असंही सांगितलं जातं. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही विमा कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. तो काही बाजारभाव नाही.

आरसीवर मालक कितवा आहे, बँकेचा बोजा आहे का आणि नोंदणी कधी संपते, हे तीन रकाने आधी वाचा. 2010-11 च्या गाड्यांची पंधरा वर्षं आता भरत आली आहेत. त्यानंतर फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. 1 एप्रिल 2022 पासून साध्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी 5,000 रुपये झाली, पण आयात केलेल्या मोटारीची 40,000. बॉक्स्टर आयात गाडीच आहे. ही रक्कम कोण भरणार, हा सौद्याचाच मुद्दा.

दिल्ली, पुदुच्चेरी किंवा बंगळुरू पासिंगची गाडी स्वस्त दिसते. दुसऱ्या राज्याच्या नोंदणीवर गाडी इथे 12 महिन्यांपलीकडे ठेवता येत नाही. मूळ आरटीओची एनओसी आणून इथला कर भरावा लागतो आणि तिकडच्या कराचा परतावा फेऱ्या मारून मिळवावा लागतो. तुमच्या आरटीओतून कराचा आकडा काढल्याशिवाय अशा गाडीचं "स्वस्त" मोजू नका. नव्या गाडीसारखी कोरी, पण आयातीचे कागद धूसर असलेली गाडी आली तर बिल ऑफ एंट्री (आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरलेला कागद) मागा. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या महागड्या गाड्या जप्त केल्या. अशी गाडी पुढे कुणीही, कितीही प्रामाणिकपणे विकत घेतली असली, तरी जप्ती होते ती त्याच्या दारातून.

गाडीसमोर उभं राहिल्यावर

मालकाला आदल्या दिवशीच सांगा: आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंड इंजिन बोलतं, तापलेलं गप्प बसतं. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे असल्यामुळे बॉनेटला हात लावून काही कळत नाही. सायलेन्सरच्या टोकाला हात लावा. कोमट असेल तर चहा मागवा आणि थांबा.

टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. आपल्याकडे स्पोर्ट्‌स कार महिनोन्‌महिने सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभ्या असतात. नक्षी नव्यासारखी, पण रबर दगड झालेलं, अशी टायर सर्रास सापडतात. सहा वर्षांवरची टायर आम्ही "बदलायची" याच रकान्यात लिहितो. मागचा-पुढचा ब्रँड वेगळा असेल तर मालकाने खर्चाला हात आखडता घेतलाय, हेही समजतं.

पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळीतून टॉर्च मारा. आत रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर आहेत आणि त्यांच्यापुढे पालापाचोळा साठतो. पावसाळ्यात तो भिजून कुजतो आणि ॲल्युमिनियम खातो. बंपर न खोलता जेवढं दिसतं तेवढ्यावरूनही, गाडीची निगा कुणी कशी राखली याचा अंदाज येतो.

रंगाची जाडी मोजायचं मीटर आम्ही आणतोच. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. एका दारावर एकदम 300 आलं तर रंगकाम, 500 च्या पुढे गेलं तर खाली पुट्टी. पण हल्ली बऱ्याच गाड्यांवर पीपीएफ (रंगावर चिकटवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म) असते आणि तिची जाडी मीटरमध्ये मिसळते, त्यामुळे आकडा बघून लगेच मालकावर आरोप करू नका. फिल्मची कड कुठे संपते ते नखाने शोधा आणि तिच्या बाहेर मोजा.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बाहेरचा भाग सगळे धुतात, गुंडाळीत राहिलेला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे चिखलाची रेघ दिसली तर पुढचं बघायचं कारण उरत नाही. सीटच्या रुळांवरचा गंज, डॅशबोर्डखालच्या स्क्रूची तांबूस डोकी, गालिच्याखालची ओल हेही बघा. बॉक्स्टरच्या कापडी टपाच्या कडेला पाणी वाहून जायची छिद्रं असतात. ती पानांनी तुंबली की पाणी आत उतरतं, तेव्हा टप उघडझाप करून बघितल्यावर सीटमागे हात घालून चाचपा.

ब्रेकचे पिवळे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) दिसले की विकणारा "सिरॅमिक ब्रेक आहेत" म्हणतो. पिवळा रंग डब्यातही मिळतो. डिस्क बघा, सिरॅमिक डिस्कचा पोत लोखंडी डिस्कसारखा नसतोच. आणि खरोखर सिरॅमिक असतील तर आनंदापेक्षा चिंता करा, कारण त्या बदलायची वेळ आली तर खर्च सौद्याची सगळी सूट गिळतो.

जाता जाता: दोन्ही किल्ल्या मिळतायत का आणि चाकाच्या लॉक बोल्टाची चावी डिकीत आहे का बघा. ही चावी नसेल तर एक्स्प्रेसवेवर पंक्चर झाल्यावर चाक निघणार नाही.

लिफ्टवर आणि स्कॅनरवर

खरी तपासणी इथे, गाडी लिफ्टवर उचलून आणि स्कॅनर जोडून होते आणि ती मोबाइलच्या टॉर्चने होत नाही.

ओडोमीटर मीटरमध्ये असतो, तो मागे फिरवणारे गल्लोगल्ली आहेत. पण इंजिनच्या ईसीयूमध्ये (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकात) इंजिन किती तास चाललं याची वेगळी नोंद राहते आणि ती बदलायचं बहुतेकांना सुचत नाही. समजा मीटर 24,000 किलोमीटर दाखवतोय आणि ईसीयू 1,600 तास. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी 15 किलोमीटर. रोज ऑफिसला नेलेली गाडीसुद्धा यापेक्षा बरी पळते. मग रविवारी पहाटे लोणावळ्याला जाऊन येणाऱ्या गाडीची सरासरी 15 कशी? एवढ्या एका भागाकारावर आम्ही ग्राहकांना परत पाठवलं आहे.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत ईसीयूमधली ओव्हर-रेव्हची (इंजिन प्रमाणाबाहेर वेगाने फिरल्याची) नोंदही काढतो. ती सहा टप्प्यांत असते. खालचे टप्पे म्हणजे कुणीतरी दाबून पळवली, त्यात विशेष काही नाही, गाडी त्यासाठीच आहे. वरचे टप्पे भरतात ते पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला की. अशी नोंद शेवटची किती तासांवर झाली तेही दिसतं. दोनशे तासांपूर्वीची चूक आणि गेल्या महिन्यातली चूक यांची किंमत सारखी नसते.

बॉक्स्टर-केमनच्या 2005 ते 2008 च्या इंजिनांबद्दल "आयएमएस बेअरिंग" (इंजिनच्या आतल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, जे तुटण्याची भीती असते) हा शब्द तुम्ही वाचला असेल. 2005 च्या काही इंजिनांत ते लहान आकाराचं होतं. पुढे मोठं आलं आणि त्याच्या तक्रारी बऱ्याच कमी, पण ते इंजिन न उघडता बदलताही येत नाही. 2009 पासून इंजिनच नवं आलं आणि त्यात हा प्रकार नाही. बजेट ताणता येत असेल तर आमचा सल्ला 2009 च्या पुढचीच घ्या, असा आहे. जाहिरातीत सगळ्याच ऑटोमॅटिकना "पीडीके" (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) लिहितात. 2008 पर्यंतच्या गाडीत पाच गिअरचा टिपट्रॉनिक, म्हणजे जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक आहे. सात गिअरचा पीडीके 2009 ला आला. पैसे कशाचे देताय ते माहीत असू द्या.

3.4 लिटरच्या जुन्या इंजिनात मात्र बेअरिंगपेक्षा आम्हाला सिलिंडरच्या भिंतींची धास्ती जास्त. त्यांवर उभे ओरखडे पडतात, तेल जळू लागतं, थंड इंजिनातून टकटक येते, सायलेन्सरच्या एका बाजूच्या टोकाला काजळी धरते. स्पार्क प्लग काढून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घातला की भिंत स्पष्ट दिसते. मालक प्लग काढू देत नसेल तर वाद घालू नका, नमस्कार करा आणि निघा.

सम्प (इंजिनखालची तेलाची टाकी), पुढचं खालचं प्लॅस्टिक आणि जॅक लावायच्या जागा यांवर आपल्या स्पीडब्रेकरांच्या सह्या असतातच. खरवडलेलं चालतं. वाकलेलं, वेल्डिंग केलेलं किंवा ताजा काळा रंग मारलेलं चालत नाही.

चालवून बघताना

विमा आणि पीयूसी चालू असल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू नका. गाणी बंद, एसी आधी चालू मग बंद, काच खाली. खराब रस्त्यावर मुद्दाम न्या आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. वेग बघायची ही वेळ नाही.

सौदा

फोनवर "लास्ट किती?" विचारू नका. न बघता मागितलेली सूट मालक फुगवलेल्या भावातून देतो आणि समोर बसल्यावर "फोनवरच कमी केलेत की" म्हणतो.

तपासणीनंतर आम्ही तुम्हाला दोन याद्या देतो. पहिली: जे करावंच लागेल, कोटेशनसह. दुसरी: जे जुनेपणामुळे आहे आणि चालेल. सौदा फक्त पहिल्या यादीवर करा. बंपरवरच्या दगडाच्या टिचक्या, सीटवरची घडी यावर पैसे मागितले की मालकाला वाटतं हा गिऱ्हाईक नुसता खोडी काढतोय, मग तो मोठ्या मुद्द्यावरही अडून बसतो. या गाड्यांचे मालक बहुधा हौशी असतात. "भंगार आहे हो" म्हणालात की लाखभर रुपये वाढले समजा.

समजा मागणी 30 लाखांची आहे. चार टायर, पुढच्या डिस्क-पॅड आणि एसीचा कंडेन्सर मिळून कोटेशन साडेतीन लाखांचं, नोंदणीचं नूतनीकरण तुमच्या गळ्यात. तेव्हा "25 ला देता का?" असं हवेत बोलू नका. कोटेशन टेबलावर ठेवा आणि म्हणा, "गाडी आवडली. एवढं काम मला करावंच लागणार. 26 ला आजच व्यवहार करतो." मग गप्प बसा. पहिला बोलेल तो उतरतो. मालकाने 28 म्हटलं तर मधला आकडा काढायची घाई नको. टायर-डिस्क त्यानेच बसवून द्याव्यात, असाही पर्याय ठेवू नका, कारण मग सगळ्यात स्वस्त माल बसतो. "पैसे कमी घ्या, काम माझं मी करतो," एवढंच म्हणा.

डीलरकडून घेताना 18 टक्के जीएसटी "वरून" सांगितला तर थांबा. जुन्या गाडीवर तो डीलरच्या मार्जिनवर असतो, पूर्ण किमतीवर नाही. खासगी मालकाकडून घेताना जीएसटीचा प्रश्नच नाही.

पैसे आणि ताबा

टोकन देताना साध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या: रक्कम किती आणि कोणत्या कारणाने परत मिळेल. "तपासणीत इंजिनचा दोष निघाल्यास टोकन परत" एवढंही पुरतं. बाकी पैसे बँकेतून. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, "थोडे कॅश द्या" याला तिथेच नाही म्हणा. गाडीवर कर्ज असेल तर उरलेलं कर्ज थेट बँकेला भरा आणि बँकेची एनओसी व फॉर्म 35 (आरसीवरचा बोजा उतरवायचा) हातात घ्या. फॉर्म 29 आणि 30 (गाडी नावावर करायचे) यांवर सह्या तुमच्यासमोर. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा. सकाळचं चलान त्याचं, संध्याकाळचं तुमचं. विमा 14 दिवसांत नावावर करायला अर्ज करा.

आमच्याकडे येताना

गाडी बघायला आम्ही तुमच्यासोबत येतो किंवा मालकाच्या परवानगीने गाडी आमच्या लिफ्टवर आणतो. आधी कळवा, कारण थंड इंजिन आणि मोकळी लिफ्ट दोन्ही सकाळीच मिळतात. अहवाल लेखी देतो, फोटो आणि ईसीयूच्या नोंदींसकट. फी गाडी घेतलीत तरी तेवढीच, सोडलीत तरी तेवढीच. विकणाऱ्याकडून किंवा एजंटाकडून आम्ही पैसे घेत नाही. सौद्याला सोबत बसा म्हणालात तर बसू, पण बोलायचं तुम्हीच.