एक्सक्वेरीत एचटीएमएल कोठे लिहायचे? टेम्प्लेटच्या निवडीमागील पार्श्वभूमी

एक्सक्वेरी ही मुळात एक्सएमएलच्या (टॅगांनी रचलेल्या डेटाच्या) साठ्यातून माहिती शोधून काढण्याची भाषा आहे. तिचा उगम २००० मधील ‘क्विल्ट’ या प्रस्तावात असून, त्याच्या कर्त्यांपैकी डॉन चेंबरलिन यांनी त्याआधी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या घडणीतही मोठा वाटा उचलला होता. मात्र २३ जानेवारी २००७ रोजी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने शिफारस (म्हणजे अधिकृत मानक) म्हणून प्रसिद्ध केलेल्या १.० आवृत्तीत एक सोय अशी होती की, तिच्यामुळे या भाषेत थेट वेब-पाने तयार करण्याचा मोह होणे अटळ होते. एचटीएमएलचा टॅग जसाच्या तसा प्रोग्रॅममध्ये लिहायचा आणि बदलता मजकूर महिरपी कंसात द्यायचा, एवढे केले की पान तयार होते. हे पान अक्षरांची माळ नसून नोडांचे, म्हणजे एकात एक बसलेल्या घटकांचे, झाड असते. त्यामुळे डेटामधून आलेले ‘लहान’ चिन्ह (<) किंवा अँपरसँड (&) आपोआप एस्केप होते, म्हणजे टॅगचा भाग न ठरता साधे अक्षर म्हणून जाते, आणि न मिटलेला टॅग संकलनाच्या (कंपाइल होण्याच्या) वेळीच पकडला जातो. वेगळे टेम्प्लेट, म्हणजे पानाचा स्वतंत्र साचा, कशाला हवे, असा प्रश्न त्या काळात पडणे स्वाभाविकच होते.

अडचणी पाने वाढू लागल्यावर दिसल्या. पानात जावास्क्रिप्ट किंवा सीएसएस लिहायचे तर त्यांतील प्रत्येक महिरपी कंस दोनदा लिहावा लागे. नेमस्पेसचा, म्हणजे घटकांची नावे कोणत्या संचातली हे सांगणाऱ्या खुणेचा, त्रास अधिक छुपा होता. एक्सएचटीएमएलचे नेमस्पेस पूर्वनियोजित म्हणून जाहीर केले की ते टॅगांना लागू होतेच, पण त्याच कक्षेतील पाथमधल्या (डेटातील जागा दाखवणाऱ्या वाटेतल्या) घटकांच्या नावांनाही लागू होते. मग नेमस्पेस नसलेल्या डेटातील ‘पुस्तक’ हा घटक शोधला असता काहीच हाती लागत नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. एक्सक्वेरी १.० च्याच दिवशी शिफारस झालेल्या एक्सएसएलटी २.० या एक्सएमएलचे रूपांतर करणाऱ्या भाषेकडे मांडणी सोपवणे हा पर्याय होता, आणि लेख किंवा हस्तलिखितांच्या संहितांसारख्या मिश्र मजकुरासाठी तो आजही सरस आहे. पण मेनू आणि फॉर्म यांच्यासाठी दुसरी भाषा सांभाळणे अनेकांना जड गेले.

वुल्फगांग मायर यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या एग्झिस्ट-डीबी या एक्सएमएल डेटाबेसने २०१३ च्या २.० आवृत्तीसोबत वेगळी वाट धरली. त्यात एचटीएमएलची फाइल शुद्ध एचटीएमएलच राहते; फंक्शनचे नाव तेवढे टॅगच्या एका ॲट्रिब्यूटमध्ये (गुणधर्मात) लिहिले जाते. आरंभी त्यासाठी ‘क्लास’ वापरला जाई, पण तो सीएसएसच्या कामात मिसळत असल्याने पुढे ‘डेटा-टेम्प्लेट’ रूढ झाले. त्या फंक्शनला मूळ नोड आणि ‘मॉडेल’ नावाचा मॅप (नावे आणि त्यांची मूल्ये यांचा संच) मिळतो; त्याने नवा मॅप परत दिला तर तो मॉडेलमध्ये मिसळून आतील नोडांना उपलब्ध होतो, आणि ‘रॅप’ हे ॲनोटेशन (फंक्शनच्या आधी लिहिलेली खूण) नसेल तर फंक्शनचे उत्तर मूळ नोडची जागाच घेते. नावावरून फंक्शन शोधणे आणि ॲनोटेशन या दोन्ही सोयी एक्सक्वेरीच्या ३.० आवृत्तीच्या; ती शिफारस ८ एप्रिल २०१४ ची असली तरी मसुद्यांच्या आधारे त्यांची अंमलबजावणी आधीच झाली होती. किंमत एवढीच की, फंक्शनच्या नावात चूक झाली तर ती पान मागवल्यावरच कळते.

याच ॲनोटेशनांचा दुसरा उपयोग ॲडम रेटर यांनी २०१२ च्या एक्सएमएल प्राग या परिषदेत मांडलेल्या रेस्टएक्सक्यूमध्ये झाला. तेथे पत्ता आणि एचटीटीपीची पद्धत फंक्शनच्या डोक्यावर लिहिली जाते. बेसएक्स या दुसऱ्या एक्सएमएल डेटाबेसने हीच पद्धत वेब-ॲप्लिकेशनांसाठी स्वीकारली. तेथे पानाचा सामाईक सांगाडा हेही एक साधे फंक्शनच असू शकते: शीर्षक आणि मजकुराचे नोड आर्ग्युमेंट म्हणून घ्यायचे व पूर्ण पान परत द्यायचे. मला ही रीत सर्वांत स्वच्छ वाटते, पण ती प्रोग्रॅमरच्या सोयीची आहे. ज्याला फक्त एचटीएमएल येते, त्याला एखादा कॉलम हलवण्यासाठीही एक्सक्वेरीची फाइल उघडावी लागते.

महिरपी कंसांचा प्रश्न २१ मार्च २०१७ च्या एक्सक्वेरी ३.१ आवृत्तीतील स्ट्रिंग कन्स्ट्रक्टरने (मजकूर जसाच्या तसा लिहिण्याच्या सोयीने) बराच सोडवला. त्यात बदलत्या मजकुराभोवती बॅकटिक (`) आणि महिरपी कंस यांची जोडी लागते, त्यामुळे सुटा कंस तसाच लिहिता येतो. मात्र त्यातून मिळते ती अक्षरांची माळ, नोड नव्हे. तेव्हा एचटीएमएलसाठी तो वापरल्यास एस्केप करण्याची जबाबदारी पुन्हा लिहिणाऱ्यावर येते. म्हणून त्याचा वापर पानातील स्क्रिप्टपुरता ठेवावा, आणि तेथेही डेटा आधी जेसनच्या (जावास्क्रिप्टला समजणाऱ्या डेटाच्या) रूपात सिरिअलाइझ करून, म्हणजे मजकुरात उतरवून, त्यातील ‘लहान’ चिन्ह युनिकोड एस्केपने बदलूनच आत घालावा.