मोटारीतील अ‍ॅम्प्लिफायर व सबवूफर : दोषशोध

मोटारीतील स्टिरिओचा क्षीण संकेत वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर (परिभाषेत विवर्धक) आणि सुमारे २० ते १०० हर्ट्‌झ या पट्ट्यातला खर्ज वाजवणारा सबवूफर यांतील बिघाड हुडकण्याची पद्धत. सोलापूरकडच्या बोलीत अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे ‘अ‍ॅम्प’, खर्ज म्हणजे ‘बेस’ आणि कॅसेट जाऊन कैक वर्षे लोटली तरी स्टिरिओ हा ‘टेप’च. ‘बेस ट्यूब’ हे नाव मुळात नळीच्या आकाराच्या पेटीचे; आता ते चौकोनी डब्यालाही सर्रास लावले जाते. मिरवणुकीतील ‘डॉल्बी’चा येथे विचार केलेला नाही.

मोटारीतील रेडिओ बाजारात स्थिरावला तो साधारणपणे १९३० पासून, अमेरिकेत गॅल्व्हिन बंधूंच्या ‘मोटोरोला’मुळे; यूरोपात १९३२ मध्ये ब्लाउपुंक्टचा संच आला. त्या काळी बॅटरीचा कमी दाब निर्वात नलिकांना लागणाऱ्या उच्च दाबापर्यंत नेण्याचे काम एक यांत्रिक व्हायब्रेटर गुणगुणत करीत असे. आजच्या अ‍ॅम्पमध्ये तेच काम मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) करतात, आणि अ‍ॅम्प ‘उडतो’ तेव्हा बहुधा तेच बळी पडतात. सबवूफरच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. काही जण १९६८ च्या सुमाराच्या इन्फिनिटी सर्व्हो-स्टॅटिक संचाला पहिला मान देतात, तर काही १९७४ मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या सेन्सराउंडपासून सुरुवात धरतात. स्टिरिओला खर्जाची स्वतंत्र जोड देणारे रेमन डोन्स यांचे अमेरिकी पेटंट मात्र १९६४ चे आहे, त्यामुळे कालक्रमाने ते आधीचे मानणे अधिक सयुक्तिक. बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करण्याची एडगर व्हिल्चर यांची कल्पना त्याहून जुनी, १९५४ च्या आसपासची. मात्र तिला सबवूफर म्हणता येत नाही.

अ‍ॅम्प बंद पडला की पहिला संशय अ‍ॅम्पवरच जातो; दोष मात्र अनेकदा त्याच्या बाहेर, वायरिंगमध्ये सापडतो. म्हणून जाणता कारागीर आधी तीन तारा तपासतो : बॅटरीकडून येणारी धन तार, बॉडीला जोडलेली अर्थ आणि टेपकडून येणारी बारीक रिमोट वायर. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. रिमोट वायरवर १२ व्होल्टच्या जवळपास दाब नसेल, तर अ‍ॅम्प जागाच होत नाही.

अर्थचा दोष सर्वांत फसवा. ५०० वॉट देणाऱ्या डी वर्गाच्या (कमी शक्ती वाया घालवणाऱ्या रचनेच्या) अ‍ॅम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर तो १२.५ व्होल्टला ५० अँपिअर ओढतो. एबी वर्गाचा, ५० टक्के धरल्यास, ८० अँपिअर. अर्थच्या नटाखाली रंग राहिला आणि तेथे अवघा ०.०२ ओहम रोध आला, तरी ५० अँपिअरला पूर्ण १ व्होल्ट पडतो आणि ५० वॉट उष्णता त्या नटापाशीच निघते. साध्या मल्टिमीटरला ०.०२ ओहम धडपणे मोजता येत नाही. ‘बीप’ तर हमखास वाजते आणि ‘अर्थ ओके आहे’ असा निर्वाळा दिला जातो. खरी परीक्षा म्हणजे गाणे मोठ्याने लावून अ‍ॅम्पचे ऋण टोक व बॅटरीचे ऋण टोक यांमधील दाब मोजणे. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, धन तारेइतक्याच जाड तारेने अर्थ दिली की हा दोष जातो.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ ही अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या वीजजनित्राची. अ‍ॅम्पकडची आरसीए पिन (टेपचा संकेत आणणाऱ्या तारेची) काढल्यावर ती थांबली, तर दोष टेपकडचा किंवा अर्थच्या वेटोळ्याचा (अर्थ एकाहून अधिक वाटांनी जोडली जाण्याचा). येथे एक आडवळणाचे कारण ध्यानात ठेवावे. अ‍ॅम्पची अर्थ सुटली की त्याचा प्रवाह परतीची वाट आरसीएच्या बाहेरील कड्यातून शोधतो, आणि काही टेपांच्या आत त्या वाटेवर असलेला नाजूक फ्यूज वितळतो. पुढे अर्थ नीट केली तरी शीळ जात नाही, आणि दोष उगाच नव्या तारांवर येतो. आरसीएचे बाहेरील कडे टेपच्या धातूच्या अंगाला तारेने टेकवून पाहावे. शीळ थांबली तर निदान पक्के.

लाल दिवा लागून अ‍ॅम्प ‘प्रोटेक्टला गेला’, म्हणजे स्वतःच्या बचावासाठी बंद झाला, तर तो कधी गेला हे आधी विचारावे. सुरू करताक्षणीच गेला, तर स्पीकरच्या तारा सोडवून पाहतात. तरीही दिवा राहिला किंवा फ्यूज उडाला, तर बिघाड आतला. अर्ध्या तासाने जाऊन गार झाल्यावर परत येत असेल, तर उष्णता. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा सहज चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डिकीत तापमान त्याहून बरेच अधिक असते. त्यात अ‍ॅम्प गालिच्याखाली दडवलेला असला, तर त्याच्या पंख्यांना हवाच मिळत नाही. जागा बदलणे हा येथे दुरुस्तीपेक्षा स्वस्त इलाज. दोन कॉइलींचा (पेपर हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांचा) ४ + ४ ओहमचा वूफर समांतर जोडल्यास २ ओहम व एकसर जोडल्यास ८ ओहम होतो. अ‍ॅम्पला २ ओहम झेपत नसतील, तरीही तो असाच तापतो.

कॉइल जळण्याच्या कारणांबाबत दोन मते आहेत. जुने, आणि दुकानांतून अजूनही ऐकू येणारे, मत असे की गेन (टेपचा संकेत अ‍ॅम्पने किती पटीने वाढवावा हे ठरवणारी कळ) फार वाढवल्यावर तरंगाचा माथा कापला जाऊन ‘डीसी’ निर्माण होतो व तो कॉइल जाळतो. प्रत्यक्षात सममित कापलेल्या तरंगाची सरासरी शून्यच राहते. मात्र तेवढ्याच उंचीच्या चौकोनी तरंगात साइन तरंगाच्या दुप्पट शक्ती असते, म्हणून जादा उष्णतेचे दुसरे मत ग्राह्य वाटते. गेन हा आवाजाचा खटका नव्हे. ३०० वॉट व ४ ओहमसाठी अ‍ॅम्पच्या टोकांवर सुमारे ३४.६ व्होल्ट येतील इतकाच तो ठेवावा.

बेसच्या ठेक्याला हेडलाइट मंदावू लागले की १ फॅरडचा कपॅसिटर सुचवला जातो. १४ व्होल्टवरून १३ वर येताना तो १३.५ ज्यूल देतो. ५०० वॉटला ती शिदोरी ०.०२७ सेकंदात संपते. बॅटरी, अल्टरनेटर व अर्थ आधी पाहणे इष्ट.

दोन वूफर असूनही बेस एकाहून कमी वाटला, तर एकाची तार उलटी असते. अ‍ॅम्पपासून सुटे करून प्रत्येकाला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. सेलचे धन टोक धन खुणेला लागताच पेपर (वूफरचा हलणारा शंकू) बाहेर आला पाहिजे.