लघु हायड्रोजन इंधन घट

हायड्रोजन व हवेतील ऑक्सिजन यांचा संयोग ज्वलनाविना घडवून थेट वीज देणारे, काही वॉटपासून सुमारे पाच किलोवॉटपर्यंतच्या क्षमतेचे साधन. पुण्याच्या कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत त्याला सर्रास ‘फ्युएल सेल’ म्हणतात. ड्रोन, दुर्गम जागची मापनयंत्रे, मोबाइल टॉवर व वीज गेल्यावर लागणारी राखीव व्यवस्था हे त्याचे मुख्य उपयोग होत.

विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये या तत्त्वाचा प्रयोग केला, मात्र प्रत्यक्ष उपयोगासाठी १९६५ च्या जेमिनी ५ या अंतराळयानापर्यंत वाट पाहावी लागली. त्या यानातील घटांप्रमाणेच आजच्या बहुतेक लहान घटांतही प्रोटॉन वाहून नेणारे बहुवारिकाचे (पॉलिमरचे) पातळ पटल असते. पटलाच्या एका बाजूस प्लॅटिनमच्या सान्निध्यात हायड्रोजनचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पटलातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनांना मात्र बाहेरच्या मंडलातूनच (सर्किटमधूनच) जावे लागते आणि तोच विद्युत प्रवाह होय. पलीकडे ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होते. एका घटाचा सैद्धांतिक विद्युत दाब १.२३ व्होल्ट असला, तरी भाराखाली ०.६ ते ०.७ व्होल्टच हाती लागतो. म्हणून २४ व्होल्टसाठी पस्तीस-चाळीस घटांची चळत रचावी लागते.

बॅटरीत शक्ती आणि साठा एकाच डब्यात बांधलेले असतात, तर येथे घट किती वॉट देणार हे चळत ठरवते आणि किती तास देणार हे सिलिंडर ठरवतो. या साधनाचे सारे महत्त्व व सारी अडचण या एकाच गोष्टीत आहे. सात घनमीटरच्या नेहमीच्या पोलादी सिलिंडरात जेमतेम सहाशे ग्रॅम हायड्रोजन मावतो, पण त्यापासून सुमारे नऊ युनिट वीज मिळते. साधारण तेवढ्याच वजनाच्या, घरगुती इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत दोन युनिटसुद्धा साठत नाहीत. अर्थात बॅटरी भिंतीवरच्या प्लगवर भरता येते, सिलिंडर मात्र वाहनातून आणावा लागतो, त्यामुळे अर्ध्या तासाच्या भारनियमनासाठी हा घट बसविणे म्हणजे उगीचच खटाटोप. हातात नेण्याच्या यंत्रांत सिलिंडरऐवजी लँथनम-निकेलसारखा मिश्रधातू वापरतात. तो कमी दाबावर हायड्रोजन शोषून घेतो, परंतु शोषलेला वायू वजनाच्या दीड टक्क्याहूनही कमी भरतो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विषयावर दीर्घकाळ संशोधन चालू आहे. ही प्रयोगशाळा, दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, कारैकुडीची केंद्रीय विद्युत रसायन संशोधन संस्था आणि पुण्याचीच थरमॅक्स कंपनी यांनी मिळून सिद्ध केलेला ५ किलोवॉटचा उच्च तापमान घट सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते दिल्लीत सादर झाला. तो मिथेनॉल किंवा जैविक मिथेनवर चालतो आणि उष्णतेचाही वापर केल्यास त्याची एकूण कार्यक्षमता ७० टक्क्यांहून अधिक असल्याचे सांगण्यात आले.

उच्च तापमानाचा आग्रह का, हे समजण्यास पुण्याची हवा पुरेशी आहे. साधे पटल ओले असेल तरच प्रोटॉन वाहते. पंख्याने हवा ओढणाऱ्या लहान घटात एप्रिलच्या कोरड्या दुपारी पटल सुकून रोध वाढतो, तर पावसाळ्यात तयार झालेले पाणी नीट न निघाल्यास वायूंच्या वाटा तुंबतात. फॉस्फोरिक आम्लयुक्त पटलाचे घट सुमारे १६० अंश सेल्सिअसला चालत असल्याने त्यांना ही ओल लागत नाही व इंधनातील थोडा कार्बन मोनॉक्साइडही ते सहन करतात. साध्या घटातील प्लॅटिनम मात्र या वायूच्या दशलक्षांत काही भागांनीही निष्प्रभ होऊ लागते. याच्या मोबदल्यात सुरू होण्यापूर्वी तापण्यासाठी वेळ द्यावा लागतो, म्हणून चालू होताक्षणी भार उचलण्यास जोडीला छोटी बॅटरी ठेवतातच.

हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात हायड्रोजन पेट घेऊ शकतो, पण तो अतिशय हलका असल्याने मोकळ्या जागी झपाट्याने वर निघून जातो. यास्तव लाल रंगाचे, डाव्या आट्यांचे हे सिलिंडर तळघरात न ठेवता, छताजवळ वायुवीजनाची सोय असलेल्या जागी साखळीने बांधून ठेवतात.