गाडीतला गुळाचा खडा आणि स्ट्रिपचं बिल

आमचे काका कोल्हापूर-मुंबई दुधाचा टँकर चालवायचे, डायबेटिसचं इन्सुलिन सुरू झाल्यापासून डॅशबोर्डवर कागदात बांधलेला गुळाचा खडा कायम असायचा, शुगरचं मशीन मात्र नव्हतं. एकदा पहाटे कराडच्या पुढं बनियन घामानं भिजलं, हात थरथरायला लागले, क्लीनर पोरगं "काका गाडी बाजूला घ्या" म्हणून ओरडतंय आणि काका नुसते त्याच्याकडं बघतायत. पोरानं स्टेअरिंगला हात घालून गाडी कडेला घेतली, गूळ तोंडात कोंबला, म्हणून वाचले. इन्सुलिनमुळं शुगर 70 च्या खाली घसरत गेली की मेंदूला इंधन कमी पडतं आणि आपल्याला काहीतरी होतंय हेच माणसाला कळेनासं होतं.

हे मोजायची सोय पूर्वी नव्हतीच. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं 1922 मध्ये टोरांटोत, पण पुढं कितीतरी वर्षं घरी तपासायची ती लघवी, निळ्या द्रावणात टाकून उकळायची, विटकरी रंग आला की शुगर जास्त. त्यात कळायचं ते काही तासांपूर्वीचं, आणि शुगर कमी झालेली तर लघवीत कधीच दिसत नाही, म्हणजे ड्रायव्हरला नेमकं जे पाहिजे तेच नाही. 1970 च्या सुमाराला अमेरिकेत रक्तावरचं मशीन आलं, किलोभराच्या वर वजन, आणि विकायचे फक्त डॉक्टरांना. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या इंजिनिअरला स्वतःला डायबेटिस होता, त्यांनी ते डॉक्टर असलेल्या बायकोच्या नावावर घेतलं. तेव्हापासून पेशंटनंच खिशात हात घालायचा हे जे सुरू झालंय ते आपल्याकडं अजून तसंच आहे.

1993 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून कळलं की शुगर कडक कंट्रोलमध्ये ठेवली तर डोळे-किडनी वाचतात, पण शुगर एकदम डाऊन व्हायचे गंभीर प्रकार तिप्पट होतात. मग रस्त्याचा प्रश्न आलाच. ब्रिटनमध्ये आता इन्सुलिनवाल्यानं निघायच्या आधी दोन तासांच्या आत आणि मग दर दोन तासांनी शुगर बघायची असा नियम आहे, 90 च्या खाली असेल तर आधी खायचं, डाऊन झाली तर नॉर्मल झाल्यावर 45 मिनिटं स्टेअरिंगला हात लावायचा नाही. पण तिथं प्रिस्क्रिप्शनवरच्या स्ट्रिपचे, म्हणजे रक्ताचा थेंब घेऊन मशीनमध्ये घालायच्या पट्टीचे, पैसे त्याला पडत नाहीत, हे विसरू नका.

आपल्याकडं लायसन्सच्या फॉर्म 1 मध्ये फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, असं विचारतात, "हो" लिहिलं तर पोटावर पाय, मग कोण लिहिणार? खरं तर 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं, जो 2025 पर्यंत लागू होता, गाडीत प्रथमोपचार पेटी ठेवायची जबाबदारी मालकावर टाकली होती. माझं स्पष्ट मत आहे, त्या पेटीत शुगरचं मशीन आणि स्ट्रिप मालकाच्या खर्चानं आल्या पाहिजेत, टायर-ऑइलचा खर्च कोण ड्रायव्हरच्या भत्त्यातून काढतं का?

काकांनी शेवटी दिवाळीच्या बोनसमधून मशीन घेतलं. एक स्ट्रिप वीसेक रुपयाला, म्हणून जपून वापरायचे, कोल्हापुरातून निघताना एक, मुंबईत पोचल्यावर एक, आणि मधला सगळा रस्ता अंदाजानं.