रक्ताचा लाल, बदकाच्या पंखाचा निळा: इंग्रजी शब्दकोशांनी रंग कसे सांगितले

आजच्या मेरियम-वेबस्टर कोशात ‘ब्लू’ची व्याख्या साधारण अशी आहे: निरभ्र आकाशाचा, किंवा वर्णपटात हिरव्या आणि जांभळ्याच्या मधल्या भागाचा रंग. आकाश मान वर केली की दिसतं. वर्णपटासाठी लोलक लागतो. एकाच रंगासाठी असे दोन आधार देण्याची वेळ कोशकारावर येते, कारण रंग शब्दांनी समजावता येत नाही. तो कशाकडे तरी बोट करून दाखवावा लागतो. कोशकारांनी कोणत्या काळात कशाकडे बोट केलं, तोच या व्याख्यांचा इतिहास आहे.

सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ सालचा. त्यात लाल म्हणजे रक्ताच्या रंगाचा, काळा म्हणजे रात्रीच्या रंगाचा, पिवळा म्हणजे सोन्यासारखा झगझगीत. ही उदाहरणं राजापासून भिकाऱ्यापर्यंत कुणालाही कळतील अशी आहेत. निळ्यापाशी मात्र जॉन्सन रक्तामांसाची भाषा सोडून देतो आणि ‘सात मूळ रंगांपैकी एक’ एवढंच लिहितो. पांढरा म्हणजे त्याच्या मते सर्व रंगांच्या मिश्रणातून येणारं रूप. न्यूटनचा प्रकाशावरचा ग्रंथ १७०४ साली आला होता, आणि पन्नास वर्षांत तो कोशात शिरला होता.

निसर्ग अभ्यासकांचं एवढ्याने भागत नव्हतं. दगड निळा आहे म्हणजे नेमका कसा निळा? जर्मनीत फ्रायबर्गला खनिजशास्त्र शिकवणाऱ्या आब्राहम वेर्नरने खनिजांसाठी रंगांची नावं ठरवून दिली. एडिंबरोचा फुलांचा चित्रकार पॅट्रिक साइम याने ती वाढवून १८१४ साली रंगांचं पुस्तक काढलं. प्रत्येक रंगाचा हाताने रंगवलेला ठिपका आणि त्यापुढे तो रंग प्राण्यात, वनस्पतीत आणि खनिजात कुठे सापडतो, याची नोंद. ‘प्रशियन निळा’ या नावापुढे नर बदकाच्या पंखावरचा चमकदार पट्टा, निळसर जांभळ्या ॲनिमनीच्या फुलातले पुंकेसर आणि निळं ताम्रखनिज अशी तीन उदाहरणं आहेत. मला हे पुस्तक फार आवडतं. रंग सांगण्यासाठी इतक्या प्रेमाने जगाकडे पाहिलेलं क्वचितच दिसतं. चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावर निघाला तेव्हा त्याच्या सामानात हे पुस्तक होतं, आणि त्याच्या नोंदींमध्ये त्यातली नावं येतात.

विसाव्या शतकात हा प्रश्न अमेरिकेत गेला. बॉस्टनचे चित्रकला शिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंगाला तीन मापं दिली: रंगछटा कोणती, ती किती उजळ, आणि किती रसरशीत. मग औषधवाल्यांची अडचण पुढे आली. औषधी चूर्णाचा रंग ग्रंथात असा लिहायला हवा होता, की शास्त्रज्ञाला चालेल आणि सामान्य माणसालाही कळेल. त्यातून इंटर-सोसायटी कलर कौन्सिल ही संस्था १९३१ साली उभी राहिली. तिने आणि तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने मिळून रंगांचं सारं विश्व २६७ कप्प्यांत बसवलं. मोजकी मूळ नावं घ्यायची आणि त्यांना फिका, गडद, भडक, करडा अशी विशेषणं लावायची.

याच वर्तुळातले रंगतज्ज्ञ आय. एच. गॉडलव्ह वेबस्टरच्या मोठ्या कोशाचे सल्लागार होते. १९६१ साली निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ‘बिगोनिया’ या रंगाची व्याख्या पाहा: एक गडद गुलाबी, जो सर्वसाधारण पोवळी रंगापेक्षा अधिक निळा, अधिक उजळ आणि अधिक तीव्र, ‘फिएस्टा’पेक्षा अधिक निळा, आणि ‘स्वीट विल्यम’पेक्षा अधिक निळा व तीव्र असतो. मग फिएस्टा कसा, हे पाहायला पुन्हा पानं उलटायची. वाचकाची दमछाक होते, हे खरं. पण या व्याख्येमागे मोजलेले रंगीत नमुने आहेत, आणि एकाही छटेवर अन्याय होऊ नये ही कळकळही आहे. जॉन्सनचं रक्त सगळ्यांना कळतं, पण त्यातून पोवळी आणि बिगोनिया वेगळे काढता येत नाहीत.

इंग्रजी कोशात रंग इतर शब्दांच्या व्याख्यांतही सतत येतात. पक्षी, लाकूड, खनिज काहीही असो, ‘रेडिश ब्राउन’, ‘यलोइश ग्रीन’ ठरलेलं. ‘इश’ हा एकच प्रत्यय सगळ्यांना पुरतो. मराठीत उतरवताना मात्र थांबावं लागतं. आपल्याकडे तांबूस, पिवळसर, हिरवट, पांढुरका, काळपट असे वेगवेगळे शब्द आहेत, आणि त्यांचा स्वभावही वेगवेगळा. काळसर म्हटलं तर नुसती छटा कळते. काळपटात थोडी नाराजी मिसळते. कोशातल्या कोरड्या वाक्यात यातला कोणता शब्द बसेल, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

काही इंग्रजी रंगनावं मुळात आपल्याच बाजूने गेलेली आहेत. संस्कृत ‘नारंग’ फारसी, अरबी, स्पॅनिश, फ्रेंच असा प्रवास करत ‘ऑरेंज’ झालं. इंग्रजीत ते आधी फळाचं नाव होतं. रंगाचं नाव म्हणून सोळाव्या शतकात रुळलं. त्याआधी त्या रंगालाही लालच म्हणत. म्हणून नारिंगी छातीचा रॉबिन आजही तिकडे ‘लाल छातीचा’ आहे. ‘क्रिम्झन’चं मूळ किड्यांपासून काढलेल्या रंगात, अरबी ‘किर्मिझ’मध्ये आणि त्याही मागे संस्कृत ‘कृमी’त सापडतं. आपला किरमिजी त्याचाच भाऊ.

साडीच्या दुकानात आजही ‘अबोली दाखवा’ म्हटलं की माणूस न विचारता नेमका गठ्ठा ओढतो. त्याच्या मनात फूल असतं की मागच्या खेपेला विकलेली साडी, कोण जाणे. पण त्याची व्याख्या लिहायला बसलं, तर साइमसारखं त्या फुलाकडेच बोट करावं लागेल, आणि ते फूल कधीच न पाहिलेल्या वाचकासाठी शेजारी एक रंगवलेला ठिपकाही द्यावा लागेल.