बारा मिलिमीटरचे बूड

कारखान्यातले तयार काडतूस घ्यायचे, त्याच्या पितळी पुंगळीचे तोंड बारीक किंवा रुंद करायचे, खांद्याचा (पुंगळी मानेकडे निमुळती होते त्या भागाचा) कोन बदलायचा आणि त्या मापाची रायफलही स्वतःच घडवून घ्यायची, हा अमेरिकेतल्या बंदूककारांचा जुना नाद. अशा काडतुसांना ते ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. युरोपातल्या जुन्या काडतुसांशेजारी ती ठेवली, की बरीच नवलाई ओसरते.

पुंगळीची मान, खांदा, लांबी बदलता येते. बूड मात्र सहसा आहे तेच ठेवावे लागते, कारण रायफलचा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, त्यावरच बसतो. जर्मन लष्कराने १८८८ साली घेतलेल्या काडतुसाचे बूड जवळपास १२ मिलिमीटरचे होते. माउझर या जर्मन कंपनीचे ७×५७ (गोळी ७ मिलिमीटर जाडीची, पुंगळी ५७ मिलिमीटर लांब) त्याच बुडावर उभे राहिले. १८९८ साली क्यूबात सान हुआनच्या टेकडीवर मूठभर स्पॅनिश शिपायांनी याच काडतुसाने अमेरिकन फौजेला जेरीस आणले. मग अमेरिकेने जी स्प्रिंगफील्ड रायफल काढली, तिच्यापायी अमेरिकन सरकारला माउझर कंपनीकडे स्वामित्वधन भरावे लागले. तिच्या ‘.३०-०६’ काडतुसाचे बूडही बारा मिलिमीटरचेच. बहुतेक नामांकित वाइल्डकॅट याच घराण्यातली.

त्यांतले ‘.३५ व्हेलन’ पाहा. १९२२ मध्ये .३०-०६ची मान रुंद करून ते घडवले गेले. १६ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ७३० मीटरच्या आसपास. पण बर्लिनच्या ओटो बॉक यांनी ९.३×६२ हे काडतूस १९०५ सालीच बाजारात आणले होते. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतवाल्यांना साध्या, स्वस्त माउझरमध्ये बसेल असे दणकट काडतूस हवे होते. त्याची गोळी साडेअठरा ग्रॅमची आणि वेग ७२० मीटर, म्हणजे ऊर्जा जास्तच. रेमिंग्टन या अमेरिकन कंपनीने व्हेलन कारखान्यात घेतले ते थेट १९८८ मध्ये!

पुंगळी मोठी केली तर वेग भरपूर वाढेल, असे वाटते. ढोबळ नियम मात्र सांगतो, की तेवढ्याच दाबाला दारूची जागा १० टक्के वाढली तर वेग जेमतेम अडीच टक्के वाढतो. जास्तीच्या दारूचा वायू गोळीबरोबर स्वतःलाही पुढे ढकलत असतो, आणि त्याच्या उष्णतेने नळीचा घसा लवकर झिजतो. अमेरिकन बंदूककार पी. ओ. अ‍ॅकली यांनी पुंगळीच्या भिंती सरळ करून खांद्याला ४० अंशांचा कोन दिला. कारागिरी देखणी, पण वेगातला फरक हरणाला कळणार नाही.

सगळाच खटाटोप फुकट गेला असे मात्र नाही. ‘.२२-२५०’ हे वाइल्डकॅट साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ११०० मीटरच्या वर फेकते. दूरवरच्या लहान लक्ष्यासाठी ते इतके उपयोगी ठरले, की १९६५ मध्ये रेमिंग्टनने ते अधिकृत केले.

युरोपीय काडतुसांची खरी करामत नळीत होती. लांब, जड गोळी हवेत वेग कमी गमावते, पण ती डुगडुगू नये म्हणून तिला भराभर फिरवावे लागते. त्यासाठी नळीतल्या चरांचा पीळ घट्ट हवा. ७×५७ची मूळ गोळी ११ ग्रॅमची. तिला २२० मिलिमीटरमध्ये एक फेरा मिळे. नैनितालच्या जिम कॉर्बेट यांची ‘.२७५ रिगबी’ म्हणजे हेच काडतूस, इंग्रजी नावाने. स्वीडनच्या ६.५×५५चा पीळ २०० मिलिमीटरचा, तोही १८९०च्या दशकात. अमेरिकन कारागीर मात्र बराच काळ हलकी गोळी आणि सैल पीळ यांतच रमले. २००७ मध्ये नेमबाजांसाठी आलेल्या ६.५ क्रीडमूरला लांब गोळी मिळाली, आणि पीळ ८ इंचांचा. म्हणजे २०३ मिलिमीटर.